सॅक नक्की कुणामुळे झाला? सात महिने पैसे भरून फिल्म बघितल्यावरचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकतो, अमेरिकन फुटबॉलच्या मॅचेसची फिल्म दाखवणारी ही सर्व्हिस आहे, पण तिचं नाव लिहिणार नाहीये. (आणि सॅक म्हणजे बॉल फेकणाऱ्याला, म्हणजे क्वार्टरबॅकला, फेकायच्या आधीच आडवा पाडणं.) खाली बिलिंगवरून बरीच बोंब मारलेली आहे आणि उगाच कुणाशी भांडण नको. पण चीज काय आहे ते सांगतो, म्हणजे ज्यांना असलं काही घ्यायचंय त्यांना काय बघून घ्यावं ते कळेल. महिन्याला १५ डॉलर, वर्षाचे एकदम भरले तर ९०. त्यात एनएफएलच्या (तिथली व्यावसायिक फुटबॉल लीग) मॅचेसची ऑल-२२ फिल्म, पास प्रोटेक्शनवरचा, म्हणजे क्वार्टरबॅकला वाचवायच्या कामावरचा एक व्हिडिओ कोर्स, क्वार्टरबॅकचे रीड्स (बॉल द्यायला तो कुणाकडे कुठल्या क्रमाने बघतो) ओळखायची एक क्विझ, आणि प्रत्येक प्लेला लावलेले टॅग्ज. म्हणजे कव्हरेज (डिफेन्सने मागची जागा कशी वाटून घेतली) कुठलं होतं, रश (क्वार्टरबॅकवर धावून जाणं) किती जणांचा होता, प्रेशर कुणी आणलं आणि प्रेशर कुणामुळे आलं. हा जो शेवटचा टॅग आहे ना, त्याच्यावरून माझं डोकं फिरलंय, पण त्याच्याकडे नंतर येतो.

घेतली कशी ते सांगतो. नोकरीसाठी अमेरिकेत येऊन नऊ वर्षं झाली, पहिली दोन वर्षं फुटबॉल म्हणजे पाच सेकंद मारामारी आणि चाळीस सेकंद जाहिरात असंच मत होतं, मग ऑफिसातल्या एकाने नाद लावला आणि आता रविवारी दुपारी मला कुणी फोन केलेला चालत नाही. पण इतकी वर्षं बघूनही सॅक झाला की मी एकच वाक्य ओरडायचो, लेफ्ट टॅकलला काढा त्या! (क्वार्टरबॅकच्या पुढे अडवायला पाच लाइनमन असतात, मधे सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, टोकांना टॅकल, त्यातला हा डाव्या टोकाचा.) का, तर टीव्हीवर रीप्ले दाखवतात त्यात लेफ्ट टॅकलच मागे मागे जाताना दिसतो आणि कॉमेंटेटर पण त्याच्याभोवतीच गोल काढतो. टीव्हीचा कॅमेरा बॉलच्या मागे असतो हो. स्नॅपनंतर, म्हणजे सेंटरने बॉल मागे दिल्यावर, सेफ्टी (डिफेन्सचे सगळ्यात मागचे) दोघेही फ्रेमच्या बाहेर, रिसीव्हर (बॉल झेलणारे) बाहेर, क्वार्टरबॅक नक्की काय बघतोय ते दिसतच नाही, आणि आपण तरी ठामपणे सांगतो की तिसरा रिसीव्हर मोकळा होता!

ऑल-२२ म्हणजे मैदानावरचे बावीसच्या बावीस खेळाडू दिसतील अशी वरून घेतलेली फिल्म. कोच लोक हीच बघतात. सामान्य माणसाला ती बघायला मिळायला २०१२ साल उजाडावं लागलं, तोपर्यंत लीग ती बाहेर सोडतच नव्हती. दोन अँगल असतात. एक साइडलाइनचा, उंचावरून, त्यात रूट्स (रिसीव्हरचे धावायचे ठरलेले मार्ग) आणि सेफ्टी दिसतात. दुसरा एंड झोनचा, मागून, त्यात पाच लाइनमन समोर भिंतीसारखे उभे आणि त्यांच्यामधल्या फटी एकेक करून मोजता येतात. आवाज नाही, कॉमेंटरी नाही, काही नाही. पहिल्या दिवशी मला वाटलं लॅपटॉपचा स्पीकर गेला.

फिल्मची क्वालिटी चांगली आहे, तक्रार नाही. रविवारची मॅच मंगळवारी, कधी बुधवारी येते. लॅपटॉपवर बाणाच्या बटणाने एकेक फ्रेम पुढेमागे करता येते आणि हे एवढं एक फीचर अख्ख्या पैशाचं आहे. टीव्हीच्या अ‍ॅपवर मात्र ते नाही, तिथे दहा सेकंद पुढे आणि दहा सेकंद मागे एवढंच, आता एक प्लेच सहा सेकंदांचा असतो तर दहा सेकंद मागे जाऊन मी काय करू. दुसरं म्हणजे सॅक, प्रेशर, तिसरा डाऊन (दहा यार्ड जायला चार प्रयत्न मिळतात, प्रत्येक प्रयत्न म्हणजे एक डाऊन) असे फिल्टर लावता येतात, म्हणजे एखाद्या टीमचे सीझनमधले सगळे सॅक एका बैठकीत बघता येतात. जेवताना बघू नका, घास घशात अडकतो.

आता कोर्स. शिकवणारा माणूस कॉलेजमध्ये बरीच वर्षं ऑफेन्सिव्ह लाइनचा कोच होता असं ते लिहितात आणि बोलण्यावरून ते पटतं, कारण त्याला कॅमेऱ्याकडे बघून हसता येत नाही. पहिले दोन धडे सोडून द्या, त्यात स्टान्स आणि हात कुठे ठेवायचे वगैरे. तिसऱ्यापासून मजा आहे. तो म्हणतो लाइनमनला दोनच तऱ्हेचं काम असतं, एक तर माणूस धरायचा नाहीतर जागा धरायची. माणूस धरायचा म्हणजे मॅन प्रोटेक्शन, समोरचा जिकडे जाईल तिकडे त्याच्यामागे. जागा धरायची म्हणजे स्लाइड, सगळे एका दिशेने सरकतात आणि प्रत्येकजण आपल्या शेजारच्या फटीत जो येईल त्याला घेतो. बहुतेक टीम्स दोन्हींचं मिश्रण वापरतात, अर्धी लाइन स्लाइड आणि अर्धी मॅन, आणि राहिलेला एक लाइनबॅकर (डिफेन्सच्या लाइनमागचा माणूस) रनिंग बॅकच्या (क्वार्टरबॅकजवळ उभा, बॉल घेऊन पळणारा) नावावर. स्नॅपच्या आधी सेंटर किंवा क्वार्टरबॅक बोट दाखवून कुणाला तरी माइक म्हणतो ना, मला आधी वाटायचं ते डिफेन्सला घाबरवायला असतं! ते असतं मोजणी कुठून सुरू करायची ते ठरवायला. माइक बदलला की लाइन कुठे सरकणार ते बदलतं आणि रनिंग बॅकचा माणूस पण बदलतो. एवढं कळलं तरी अर्धी फिल्म वाचता यायला लागते.

आता एक प्ले जवळून दाखवतो, क्विझमध्येच आलेला. टीमची नावं मुद्दाम लिहीत नाही, पोरगा नवीन होता बिचारा. दुसरा डाऊन, दहा यार्ड, शॉटगन (क्वार्टरबॅक सेंटरपासून काही यार्ड मागे उभा), रनिंग बॅक क्वार्टरबॅकच्या उजवीकडे. डिफेन्सचे चार लाइनमन खाली आणि शिवाय दोन लाइनबॅकर सेंटरच्या दोन्ही बाजूंच्या फटीत नाकाला नाक लावून उभे. म्हणजे सहाजण येऊ शकतात आणि अडवायला पण सहाच आहेत, पाच लाइनमन अधिक रनिंग बॅक. हिशोब बरोबर. सेंटर, लेफ्ट गार्ड आणि लेफ्ट टॅकल डावीकडे स्लाइड, राइट गार्ड आणि राइट टॅकल समोरच्या माणसांवर, उजव्या फटीतला लाइनबॅकर रनिंग बॅकचा. इथे क्विझ फिल्म थांबवते आणि विचारते, कुणाची काळजी वाटतेय? मी अर्थातच लेफ्ट टॅकल लिहिलं, सवय जात नाही.

स्नॅप झाला आणि डावीकडचा लाइनबॅकर मागे पळाला, डावा डिफेन्सिव्ह एंड पण मागे पळाला, उजवा लाइनबॅकर आत घुसला आणि उजवीकडून स्लॉटमधला (लाइन आणि बाहेरचा रिसीव्हर यांच्या मधल्या जागेतला) कॉर्नर, म्हणजे रिसीव्हर सांभाळणारा डिफेन्सचा माणूस, धावत आला ज्याच्याकडे कुणी बघतच नव्हतं. एकूण आले पाच. अडवायला सहा. तरी एक मोकळा! मी हा प्ले वीसेक वेळा मागेपुढे केला असेल, मला ती वजाबाकी जमेना. बायको शेजारी बसून कपडे घड्या करत होती, तिला फुटबॉलमधलं फक्त टचडाऊन कळतं, ती म्हणाली, "अरे पण डावीकडे ते तिघं नुसते उभेच आहेत की, एका माणसाभोवती, नवरदेवाभोवती करवल्या उभ्या राहतात तसे." झालं! तिघं एकावर आणि पलीकडे तिघांना चौघे. लाइन उजवीकडे सरकली असती तर सगळं सावरलं असतं, पण स्नॅपच्या आधी ते कळायची सोय डिफेन्सने ठेवलीच नव्हती.

आणि अशा वेळी काय करायचं असतं? लाइनने काही करायचंच नसतं. जो माणूस मोजणीत बसत नाही तो क्वार्टरबॅकचा. तो आला की बॉल ताबडतोब द्यायचा, त्याला हॉट म्हणतात, आणि द्यायचा कुठे तर तो जिथून आला तिथे, कारण ती जागा आता मोकळी आहे. स्लॉट रिसीव्हर पाच यार्डांवर मागे वळून बघत उभा होता, हात पण वर केला होता. पण क्वार्टरबॅकचा पहिला रीड डावीकडे होता आणि हेल्मेट तिकडेच चिकटलं, उजवीकडून आलेला कॉर्नर त्याला लागला तेव्हाच दिसला असणार.

आता सर्व्हिसचा टॅग वाचा: प्रेशरची जबाबदारी, राइट टॅकल. का? तर मोकळा माणूस त्याच्या बाजूने गेला. अरे त्याच्या बाजूने गेला म्हणून त्याचा होतो का? त्याच्या हातात त्याचा एंड होता, त्याने तो मस्त धरला होता, पाय एकदम बरोबर. घरी चोर गच्चीवरून आला आणि वॉचमन गेटवर उभा होता तर पगार वॉचमनचा कापणार! मी सपोर्टला लिहिलं, क्लिप जोडून, आकृती काढून, तीन दिवसांनी उत्तर आलं की तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. टॅग अजून तसाच आहे.

हा एकच असता तर सोडून दिलं असतं. पण मी मुद्दाम एका टीमचे बारा सॅक घेऊन बसलो आणि वहीत लिहिलं की माझ्या मते काय झालं. बारापैकी पाच ठिकाणी माझं आणि टॅगचं जमलं नाही. मी काही कोच नाही, माझंही चुकलं असेल, पण त्या पाचातले तीन प्ले असे होते जिथे लाइनमन दोघांनी माणसं अदलाबदल करायची होती. डिफेन्सचा एंड आत येतो, डिफेन्सचाच आतला टॅकल फिरून बाहेर येतो, त्याला ट्विस्ट म्हणतात, त्यात गार्डने आपला माणूस शेजारच्याला देऊन त्याचा घ्यायचा. दिलाच नाही तर फिल्मवर दिसतं की आपल्या लाइनचा टॅकल हरला, कारण फिरून आलेला माणूस त्याच्याजवळून गेला. चूक कुणाची? देणाऱ्याची की घेणाऱ्याची? ते त्या दोघांना आणि त्यांच्या कोचला माहिती. त्यांच्यात आधी काय ठरलं होतं ते फिल्म सांगत नाही आणि आवाज तर नाहीच, त्यामुळे सेंटर काय ओरडला तेही कळत नाही. बाहेरच्या मैदानावर गोंगाट असला की तर ओरडत पण नाहीत, गार्ड सेंटरच्या मांडीवर थाप मारतो आणि सेंटर मान हलवतो, आपण आपलं बघायचं. अशा ठिकाणी टॅगमध्ये "दोघांपैकी एक" असं लिहायची सोय हवी. पण अ‍ॅपला एक नाव हवंच असतं, कारण त्या नावावरून पुढे रँकिंग करायचं असतं ना.

क्वार्टरबॅकच्या रीड्सचा भाग मात्र लाजवाब आहे, इथे मी भरभरून बोलणार. कोर्समधलं एक वाक्य माझ्या डोक्यात बसलंय, डोळे बघू नका, पाय बघा. शॉटगनमधून तीन पावलं मागे म्हणजे सेंटरच्या खालून घेतलेल्या पाच पावलांएवढं, शेवटचं पाऊल टेकलं की पहिला रीड सुटायला हवा. नाही सुटला तर एक छोटी उडी, तिला हिच म्हणतात, आणि दुसरा रीड. परत एक हिच, तिसरा. मग चेकडाऊन, म्हणजे जवळचा सोपा पास. आता फिल्म फ्रेम-फ्रेम चालवा आणि उड्या मोजा. शेवटचं पाऊल टेकलं, पहिला रिसीव्हर मोकळा आहे, बॉल सुटला नाही, उडी मारली, परत त्याच्याकडेच बघतोय, आता कॉर्नर पोचला. हा सॅक झाला तर तो लाइनचा कसा? त्यांनी आपलं काम करून झालेलं असतं. ईएसपीएन लाइनमनचं जे माप काढतं त्यातही हीच अट आहे, अडीच सेकंद ब्लॉक टिकला की लाइनमन जिंकला, पुढचं पुढे. हे माप निघतं खेळाडूंच्या खांद्याच्या पॅडमध्ये बसवलेल्या चिपवरून, ती सेकंदाला दहा वेळा सांगते की कोण कुठे आहे. या सर्व्हिसमध्ये चिपचा डेटा नाही पण स्नॅपपासून चालणारं घड्याळ क्लिपच्या कोपऱ्यात दिसतं आणि ते फार कामाचं आहे. २.५ च्या पुढे आकडा गेला की मी आता लाइनकडे बघणंच बंद करतो, मागे काय चाललंय ते बघतो.

रीडचा सोपा नमुना म्हणून तो स्मॅश शिकवतो. बाहेरचा रिसीव्हर पाच-सहा यार्डांवर थांबतो, आतला रिसीव्हर वर जाऊन कोपऱ्याकडे वळतो. दोघांच्या मधे एकच कॉर्नर. तो मागे गेला तर खालच्याला द्या, तो खाली बसला तर वरच्याला. संपलं. क्वार्टरबॅकने अख्खं मैदान बघायचं नाही, एक माणूस बघायचा. मला वाटायचं हे लोक अडीच सेकंदात अकरा जणांना स्कॅन करतात, सुपर कॉम्प्युटर आहेत वगैरे. तसं काही नसतं, प्रश्न आधीच छोटा करून दिलेला असतो आणि डिफेन्सचं सगळं कौशल्य तो प्रश्न उलटा करण्यात. स्नॅपच्या आधी दोन सेफ्टी मागे दाखवायचे, स्नॅप झाला की एक खाली धावत यायचा आणि एक मधोमध सरकायचा. आता स्मॅशचं उत्तर वेगळं. क्वार्टरबॅक एक क्षण थांबतो. त्या एका क्षणात चौथा रशर पोचतो. मग टीव्हीवर गोल कुणाभोवती? बरोबर, लेफ्ट टॅकल.

इथेही टॅगने घाण केलीय बरंका. कव्हरेजचे टॅग स्नॅपच्या आधी कोण कुठे उभं होतं त्यावरून लावलेले वाटतात, कारण वर सांगितलेला सेफ्टी खाली येतो तसल्या प्लेमध्ये हमखास कव्हर टू (मागे खोलवर दोघे) लिहिलेलं असतं आणि डोळ्यासमोर कव्हर थ्री (खोलवर तिघे) चाललेलं असतं. नवीन माणूस याच्यावर विश्वास ठेवून शिकला तर क्वार्टरबॅक जिथे फसला तिथेच तोही फसणार. बंद करून टाका टॅग्ज, सेटिंगमध्ये तिसऱ्या पानावर बटण आहे.

एका आठवड्यात मी कॅन्सस सिटी चीफ्सचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स याचे तीन सुपर बोल (सीझनची फायनल) पाठोपाठ बघितले, ज्यांना सर्व्हिस घेऊन पहिल्यांदा काय बघू असा प्रश्न पडेल त्यांनी हेच करा. पहिला फेब्रुवारी २०२१ चा, टँपा बेविरुद्ध, हरले ३१-९. चीफ्सचे दोन्ही नेहमीचे टॅकल, एरिक फिशर आणि मिचेल श्वार्ट्झ, दुखापतीमुळे बाहेर. टँपाचा डिफेन्स कोच टॉड बोल्स याने फारसा ब्लिट्झ (चारपेक्षा जास्त जण धाडणं) केलाच नाही, चारजण पाठवले आणि दोन सेफ्टी मागे ठेवले, आणि महोम्स बिचारा अंगण झाडल्यासारखा मैदानभर पळतोय. इथे लाइन हरली हे आंधळ्यालाही दिसेल. दुसरा फेब्रुवारी २०२३ चा, ईगल्सविरुद्ध, जिंकले ३८-३५. त्या ईगल्सने रेग्युलर सीझनमध्ये ७० सॅक केले होते आणि या मॅचमध्ये शून्य. लाइन नवीन बांधलेली होती, जो टूनी, क्रीड हम्फ्री, ट्रे स्मिथ, पण नुसतं तेवढंच नाही, एंड झोनचा अँगल लावून घड्याळ बघा, बॉल किती पटापट सुटतोय. तिसरा फेब्रुवारी २०२५ चा, परत ईगल्स, हरले ४०-२२, सहा सॅक. आणि विक फँजिओच्या डिफेन्सने किती वेळा ब्लिट्झ केला? एकदाही नाही. शून्य! चारच्या वर माणूस पाठवलाच नाही, सातजण मागे, आणि इकडे तोच टूनी, मूळचा गार्ड, सीझनच्या शेवटी लेफ्ट टॅकलला उभा केलेला. साइडलाइनचा अँगल लावला की दिसतं, पहिला रीड बंद, दुसरा बंद, महोम्स हिच, हिच, आणि तोपर्यंत चौघे पोचले. आता सांगा, सहा सॅक लाइनचे किती, रिसीव्हर्सचे किती, क्वार्टरबॅकचे किती? मी तीन रात्री यावर घालवल्यात आणि अजून माझी बेरीज जुळत नाही, पण आता निदान बेरीज करायची असते हे तरी कळतं. टूनीला त्यानंतर महिन्याभरात चीफ्सनी शिकागोला देऊन टाकला. तिथे २०२४ मध्ये क्वार्टरबॅक केलेब विल्यम्सचे ६८ सॅक झाले होते, त्यामुळे त्यांना गरज होतीच, आणि ज्यांना ६८ म्हणजे किती ते कळत नाही त्यांच्यासाठी, विक्रम ७६ चा आहे, ह्यूस्टनच्या डेव्हिड कारचा, २००२ मधला, टीमचा पहिलाच सीझन होता. विल्यम्सचे मी जितके बघितले त्यातले बरेच लाइनचे, आणि बरेच त्याने बॉल पाळण्यातल्या बाळासारखा धरून ठेवला म्हणून. शिकागोवाले मित्र मला शिव्या घालतील, घाला.

आणि आता तो प्ले ज्याच्यासाठी मी मुळात पैसे भरले. फेब्रुवारी २०२२ चा सुपर बोल, रॅम्स २३, बेंगॉल्स २०, चौथा डाऊन, एक यार्ड हवा, एक मिनिट पण उरलेलं नाही. मी बेंगॉल्सचा आहे, सहन करा. रॅम्सचा आरन डोनल्ड आमचा लेफ्ट गार्ड क्विंटन स्पेनच्या बाजूने आत शिरतो, आमच्या क्वार्टरबॅकला, जो बरोला, धरून गरागरा फिरवतो, बरो पडता पडता बॉल रनिंग बॅक समाजे पेराइनच्या दिशेने फेकतो, खाली पडतो, खेळ खल्लास. टीव्हीवर एवढंच दिसलं. साइडलाइनचा अँगल लावला तेव्हा मी खुर्चीतून उठलो, वर डावीकडे आमचा रिसीव्हर जमार चेसने रॅम्सचा कॉर्नर जेलन रॅम्झीला मागे टाकलंय, रॅम्झीचा पाय घसरलाय, पुढे नुसतं गवत. अजून एक सेकंद, राव. एक सेकंद.

त्या सीझनमध्ये बरोचे ५१ सॅक झाले होते, मग टेनेसीविरुद्ध एकाच मॅचमध्ये ९ आणि तरी जिंकले, आणि या फायनलमध्ये ७. २०२१ च्या ड्राफ्टमध्ये (टीम्स नवीन खेळाडू पाळीपाळीने निवडतात तो कार्यक्रम) पाचव्या नंबरवर चेस घ्यायचा की पनेय सूल हा टॅकल घ्यायचा यावरून आमच्यात जी भांडणं झाली होती ती सगळी या एका प्लेमध्ये परत वर आली, बघा म्हणालो होतो ना टॅकल घ्या. मीच म्हणायचो, सगळ्यात मोठ्याने. आता फ्रेम-फ्रेम बघताना दिसतं की हरला तो गार्ड. लेफ्ट टॅकल आपल्या माणसाला धरून उभा आहे. सूल असता तर तो बाहेर आपलं काम करत उभा असता आणि डोनल्ड आतून तसाच आला असता. आणि चेस नसता तर वर मोकळं कोण असतं? चार वर्षं मी जे मत घेऊन फिरत होतो ते सहा सेकंदांच्या फिल्मने मोडून टाकलं, तेही माझ्याच पैशाने. या प्लेला टॅग मात्र बरोबर आहे, स्पेन. तरी मला त्याचं वाईट वाटतं, डोनल्डसमोर एकटा सोडलेला माणूस तो, डोनल्डसमोर एकटं कुणाला सोडावं का हा प्रश्न टॅगमध्ये मावत नाही.

आता बिलिंग, पटकन संपवतो कारण बीपी वाढतं. वर्षाचा प्लॅन आपोआप रिन्यू होतो, आठवण करून देणारा ईमेल येतो तो पैसे कापल्यानंतर. रद्द करायचं बटण अ‍ॅपमध्ये नाही, ब्राउझरमध्ये जाऊन अकाउंट, मग प्लॅन, मग "मदत हवी आहे का", मग तुम्हाला खरंच जायचंय का असं तीनदा विचारतात, आमच्याकडे लग्नातून निघताना सुद्धा इतका आग्रह करत नाहीत. मी महिन्याचा घेतला होता, मध्येच एकदा चुकून वर्षाच्या प्लॅनवर क्लिक झालं, चूक माझीच, पण दोन तासांत कळवलं तरी निम्मेच परत मिळाले. क्विझचे गुण पण प्लॅन बदलल्यावर शून्यावर आले, माझे सलग एकोणीस दिवस गेले त्यात. त्याचं दुःख पैशापेक्षा जास्त आहे हे मान्य करतो.

तर घ्यावी का? तुम्ही नुसती मॅच बघून चिप्स खाणारे असाल तर नको, फँटसीसाठी आकडे हवे असतील तर अजिबात नको, तिथे टॅगवर विसंबून बुडाल. पण रीप्ले बघताना "अरे पण हे झालं कसं" असं ज्याला आतून वाटतं त्याने एक महिना घ्यावी, वर्षाची नाही. फिल्म आणि क्विझला माझ्याकडून पाचपैकी पाच, कोर्सला चार, टॅगला दीड, तोही स्पेनच्या प्लेमुळे. सप्टेंबरमध्ये चालू करायची, फेब्रुवारीत बंद करायची, फोनमध्ये बंद करायच्या तारखेच्या तीन दिवस आधीचा अलार्म लावायचा.

माझा अलार्म लागलाय. बायको म्हणते चालू ठेव अजून एक महिना, तिला आता रनिंग बॅक कुठल्या बाजूला उभा आहे त्यावरून लाइन कुठे सरकणार ते ओळखायचा नाद लागलाय आणि क्विझमध्ये तिचे गुण माझ्यापेक्षा जास्त आहेत, माझ्याच अकाउंटवर.